संगतीची दिशा

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि पुढे ओरोसच्या परिसरात त्याचं मुख्यालय म्हणून सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. ओरोस गाव जुनं, नगरी मात्र नवी. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, रुग्णालय आणि त्यांच्याभोवती कर्मचाऱ्यांच्या वसाहती, अशी ती कामासाठी वसवलेली वस्ती. जुन्या मालवणी गावात पालखीला खांदा कुणाचा, लावणीला हात कुणाचा, चतुर्थीच्या भजनात कुणाच्या शेजारी बसून टाळ वाजवायचे, हे वाडी, भावकी आणि गावकी मिळून ठरवतात. माणूस जन्माला येतो तेव्हा त्याची सोबत बहुतेक ठरलेली असते. बदली होऊन नगरीत आलेल्या माणसाला अशी तयार सोबत मिळत नाही. शेजारी सांगलीकडचा कारकून, पलीकडे दोडामार्गची परिचारिका, वरच्या मजल्यावर विदर्भातला अभियंता. संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर कुणाबरोबर चालायला जायचं, कुणाकडे गजालीला बसायचं, मुलांना कुणाच्या घरी खेळायला पाठवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न अशा वस्तीत रोजचा होऊन बसतो. मित्र निवडायचेच असतील, तर ते कशावरून निवडायचे?

चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांना हा प्रश्न मुंबईत पडायला हवा होता. गावाने तो पडू दिला नाही. गिरणगावात लालबाग-परळच्या चाळींमध्ये गावोगावच्या मंडळांच्या खोल्या असत. नवा पोरगा बोटीतून उतरला की थेट त्या खोलीत जाई. झोपायला तिथेच, जेवायला ओळखीच्या बाईच्या खाणावळीत, गिरणीत चिकटवून देणारा हातही गावातल्याच कुणाचा. कुणी जुगाराच्या किंवा दारूच्या नादाला लागला, तर बातमी लवकरच त्याच्या आईपर्यंत पोचे. या पहाऱ्याने असंख्य तरुणांना सावरलं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण ज्या कुंपणाने राखण केली त्यानेच ओळखीची हद्दही आखून दिली. त्याच गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांचा उष्टा धागा सवर्ण कामगारांना चालत नसे. बरोबरीने घाम गाळणारी माणसं एकाच छपराखाली राहूनही एकमेकांची सोबती होऊ शकली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कटत गेलं आणि त्या खोल्यांचा पहाराही हळूहळू उठला. आता ओरोसला असो की डोंबिवलीला, सोबत निवडण्याचं ओझं ज्याच्या त्याच्या खांद्यावर आलं आहे. हे ओझं आलं ते बरंच झालं, असं मला वाटतं. मात्र ते पेलण्यासाठी जी मोजमापं आपल्या हाती आहेत त्यांतली काही तपासून टाकून देण्याजोगी आहेत.

पहिलं मोजमाप म्हणजे आपल्या बोलण्यात रुळलेलं संगतीचं चित्र. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं आपण म्हणतो. भर्तृहरीने नीतिशतकात पाण्याच्या थेंबाचा दृष्टांत दिला आहे: तापल्या लोखंडावर तो नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो, शिंपल्यात पडला तर खरोखरच मोती होतो. दोन्ही दाखले संगतीचं बळ नेमकं सांगतात, पण दोहोंत एक उणीव आहे. बैलाला दुसरा कुणीतरी बांधतो. थेंब कुठे पडायचं ते ठरवत नाही. माणसाला निवड असते, आणि निवडीबरोबर जबाबदारी येते. संगत लागली म्हणून पोरगा बिघडला, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. तोही कुणाची तरी संगत होता, हे त्यात राहून जातं. दुसरं मोजमाप याहून घातक आहे. ‘चांगल्या घरातल्या मुलांबरोबर राहा’ असं आईबाप सांगतात तेव्हा चांगलं घर म्हणजे अनेकदा आपल्या जातीचं, आपल्याहून थोडं अधिक पैशाचं, शुद्ध बोलणारं घर असा अर्थ असतो. अमक्या वाडीत जाऊ नको, तमक्याच्या पोराबरोबर दिसू नको, अशी ताकीद संस्काराच्या नावाखाली दिली जाते आणि मूल जे शिकतं तो माणसांचा तिटकारा असतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. चांगली संगत कुणापासून दूर ठेवते यावरून ती ओळखता येत नाही. ती कुणाकडे घेऊन जाते, यावरून ओळखावी.

संगतीने माणूस खरंच बदलतो का, हे आधी पाहिलं पाहिजे, कारण यावर एक रास्त शंका आहे. सारखी माणसं एकमेकांना शोधून काढतात. दारुड्याचे मित्र दारुडे असतात ते मित्रांनी त्याला पाजली म्हणूनच असं नाही, त्याने पिणारे मित्र हेरले म्हणूनही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या आरोग्य-पाहणीतली माहिती घेऊन निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ३२ वर्षांच्या काळातल्या १२,०६७ माणसांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि मित्र लठ्ठ झाला तर त्या माणसाच्या लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं मांडलं. जगभर तो निबंध गाजला. त्यावर टीकाही झाली आणि ती मुळावर बोट ठेवणारी होती: परिणाम संगतीचा आणि परिणाम सारख्याने सारखा शोधल्याचा, हे दोन अशा माहितीतून वेगळे काढणं फार अवघड असतं. ही टीका मान्य केली तरी प्रश्न संपत नाही. डार्टमथ महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतले सोबती चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कुणाचीही निवड नसताना मिळत. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली त्या खोल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोबत्याच्या अभ्यासू किंवा आळशी असण्याचा परिणाम मुलाच्या गुणांवर झालेला दिसला, कुठल्या मंडळात सामील व्हायचं यावरही झालेला दिसला. पदवीचा मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर मात्र दिसला नाही. मला यातला शेवटचा भाग सर्वांत बोलका वाटतो. आयुष्यातले मोठे, विचारपूर्वक घेतलेले निर्णय सोबतीने लगेच हलत नाहीत. हलतात त्या रोजच्या गोष्टी: किती वाजता उठायचं, काय वाचायचं, कशाला हसायचं, कुणाला नावं ठेवायची. आणि चारित्र्य म्हणून जे म्हणतो ते याच गोष्टींच्या थरांनी बनतं.

आता ज्या उदाहरणावर माझा भर आहे ते याच जिल्ह्यातलं आहे. ओरोसहून महामार्गाने उत्तरेला गेलं की कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम लागतो. तो १९४८ साली सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्थापन केला. १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला, पुण्यात उच्च शिक्षण घेतलेला हा माणूस. ‘चांगली संगत’ या शब्दांचा रूढ अर्थ घेतला तर तिच्यात त्याला काही कमी नव्हतं. विद्वान मित्र होते, प्राध्यापकीची वाट मोकळी होती. ती सोडून ते गांधींकडे साबरमतीला गेले. गांधींची संगत त्या काळी पुष्कळांनी धरली. कुणाला तीतून पुढारीपण मिळालं, कुणाला नाव मिळालं. अप्पासाहेबांना तीतून झाडू मिळाला. साबरमतीला संडास सफाई आश्रमवासी स्वतः करत. ज्या कामामुळे माणसाची जात अस्पृश्य ठरते ते काम स्वतः उचलल्याखेरीज अस्पृश्यतेविरुद्ध बोलण्याचा अधिकार मिळत नाही, ही धारणा त्यामागे होती. अप्पासाहेबांनी ती कोकणात आणली आणि गुरूच्याही पुढे नेली. गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले, साधे आणि स्वच्छ संडास बांधले, मेलेल्या जनावरांची कातडी सोडवण्याचं आणि कमावण्याचं काम मांडलं. स्वतःच्या जातीतल्या सभ्य माणसाच्या नजरेने पाहिलं तर हा मुलगा वाईट संगतीने वाया गेला होता. कोकणाने मात्र त्याला कोकणचा गांधी म्हटलं.

१९३२ सालची एक घटना या संगतीचं स्वरूप उघड करून दाखवते. अप्पासाहेब तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं भंगीकाम आपल्याला करू द्यावं, अशी त्यांनी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, म्हणून तुरुंगाने नकार दिला आणि अप्पासाहेबांनी अन्न घटवत नेलं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधींना हे कळलं तेव्हा सप्टेंबरमधला पुणे कराराच्या वेळचा त्यांचा उपवास होऊन अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. तरी डिसेंबरच्या आरंभी अप्पासाहेबांच्या मागणीसाठी त्यांनी पुन्हा उपवास आरंभला, आणि सरकारने विचार करण्याचं आश्वासन दिल्यावर तो सोडला. इथे कुणी कुणावर परिणाम केला? झाडू हाती घ्यायला शिकवलं गांधींनी. पण रत्नागिरीच्या कोठडीतल्या शिष्याने तो धडा इतक्या निष्ठेने पाळला की येरवड्यातल्या गुरूला त्याच्यामागून जावं लागलं. चांगली संगत एका बाजूने वाहत नाही. ज्याच्याकडून आपण घेतो त्यालाही आपल्या वागण्याने काही करणं भाग पडतं, तेव्हा त्या नात्याला मैत्री म्हणता येतं. गांधींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर अप्पासाहेबांनी केलं, हे सर्वांना ठाऊक आहे. तुरुंगातलं ते घटवलेलं अन्न मला त्या भाषांतराहून मोठं वाटतं.

ही दृष्टी अप्पासाहेबांनी गांधींकडून घेतली असली तरी महाराष्ट्राला ती नवी नव्हती. वारकरी संतांनी संतसंगतीचं माहात्म्य इतकं गायलं आहे की ते आपल्या कानांना गोड वाटतं आणि त्यातला कठोर भाग ऐकूच येत नाही. तेरच्या गोरोबा कुंभाराची कथा घ्या. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकं तपासण्याचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे शांत बसले. नामदेव रागावले, आणि त्यांनाच कच्चं ठरवण्यात आलं. ज्या नामदेवांशी विठ्ठल बोलतो अशी ख्याती, त्यांना चारचौघांत कच्चं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. कथा सांगते की नामदेव दुखावले, विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, आणि अखेर औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे शिष्य होऊन गेले. मित्रमंडळी कशासाठी असते, याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेक जण ‘बरं वाटावं म्हणून’ असं देतील. या कथेतल्या मंडळींनी नामदेवांना बरं वाटू दिलं नाही. वाटू दिलं असतं तर नामदेव स्वतःच्या कीर्तीतच थांबले असते.

नामदेव त्या वाटेने कुठे पोचले तेही पाहण्याजोगं आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली चोखामेळा गेले, तेव्हा नामदेवांनी तिथे जाऊन ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी दिली, अशी वारकरी परंपरा आहे. वर्ष १३३८ मानलं जातं. शिंप्याने महाराच्या अस्थी हातांत घेणं हा त्या काळच्या मोजमापाने विटाळ होता. संतसंगतीने नामदेवांना विटाळापासून वाचवलं नाही, त्याच्याकडे नेलं. आणि तरीही एक गोष्ट टोचत राहते. मित्राची जागा महाद्वाराच्या पायरीशी राहिली. त्याच्या जातीला दरवाजाच्या आत जाता यावं यासाठी १९४७ साल उजाडावं लागलं. पालगडच्या साने गुरुजींनी त्या वर्षी १ मेपासून पंढरपुरात प्राण पणाला लावून उपवास केला, तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. म्हणजे मधली सहाशे वर्षं वारीत एकत्र नाचणाऱ्यांची संगत मंदिराच्या उंबऱ्याशी अडत होती. सत्संग सत्संग म्हणून ज्याचा जप होतो तोही किती दूर नेतो हे तपासावं लागतं. देवाधर्माची माणसं जमली म्हणजे संगत आपोआप चांगली होत नाही. तुकोबांना देहूत छळणारा मंबाजीही गोसावीच होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. आपल्याला चांगलं व्हायचं आहे म्हणून मित्र निवडायचे, हा हिशेब झाला; मैत्री हिशेबाने होत नाही. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथातली दोन प्रकरणं मैत्रीला दिली आहेत. तो मैत्रीचे तीन आधार सांगतो: उपयोग, सुख आणि सद्गुण. पहिल्या दोहोंत माणूस मित्रावर प्रेम करत नाही, त्याच्याकडून मिळणाऱ्या गोष्टीवर करतो; ती गोष्ट आटली की मैत्री आटते. मग स्वतःच्या सुधारणेसाठी केलेली मैत्री ही पहिल्याच प्रकारातली नव्हे का? मला वाटतं, आक्षेप अर्धा बरोबर आहे. जो माणूस ‘यशस्वी माणसांत ऊठबस ठेवा म्हणजे यशस्वी व्हाल’ हा उपदेश ऐकून मित्र गोळा करतो, तो अधिकाऱ्याची गाडी दिसली की जवळ जाणाऱ्यासारखाच वागतो, आणि मुख्यालयाच्या गावात असे लोक काही कमी नसतात. पण सद्गुणावरच्या मैत्रीत जे मिळवायचं असतं ते वाटून घेतल्याने कमी होत नाही. मित्राचं धैर्य पाहून मला धैर्य आलं, तर त्याचं घटत नाही. शिवाय ती मैत्री मला माझ्यापुरतं राहू देत नाही. बौद्ध परंपरेतला एक संवाद इथे आठवतो. चांगल्या मित्रांची सोबत म्हणजे अर्धं धर्मजीवन, असं आनंद बुद्धांना म्हणाला. बुद्धांनी त्याला दुरुस्त केलं: अर्धं नव्हे, ते सगळंच आहे. धर्म आधी आणि मग त्याला साहाय्य म्हणून मित्र, असा क्रम बुद्धांना मान्य नव्हता. माणसांशी नीट राहणं हाच तो मार्ग होता. तिथे हिशेबाला जागा उरत नाही, कारण मिळवणारा आणि देणारा वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू असल्याचं सांगितलं आहे, आणि थोडं पुढे सुहृद, शत्रू, साधू, पापी या सर्वांविषयी समबुद्धी ठेवणारा श्रेष्ठ म्हटला आहे. मग निवडानिवड कशाला? ज्याचं मन पक्कं आहे त्याला कोणतीही संगत सारखीच. हे खरं आहे, पक्क्या मनाच्या बाबतीत. सहावा अध्याय वाचताना लोक हे विसरतात की तोच अध्याय अर्जुनाची एक कबुली नोंदवतो: मन चंचल आहे, ते आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. श्रीकृष्ण ती खोडून काढत नाहीत. मान्य करतात आणि अभ्यास सांगतात. अभ्यास रोज करायचा असतो, आणि रोजच्या गोष्टींवर संगतीचा हात किती चालतो ते वर आलंच आहे. स्वतःचा उद्धार स्वतः करायचा म्हणजे एकट्याने करायचा, असं त्यात कुठेही नाही. कुणाच्या शेजारी बसायचं हे ठरवणं, हीच स्वतःशी केलेली मैत्री असू शकते. समबुद्धीचा अर्थ सगळ्यांचं भलं सारखं चिंतणं असा आहे. सगळ्यांचा सल्ला सारखा मानणं असा तो नव्हे.

तिसरा मुद्दा विचारसरणीचा आहे. मला वर नेणारी माणसं म्हणजे माझ्यासारखा विचार करणारी, असं धरून चाललं तर सत्संगाचा कंपू व्हायला वेळ लागत नाही. याच जिल्ह्याने मराठीला दिलेले दोन कवी, देवगडजवळच्या धालवलीचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर, वसंत बापटांबरोबर वर्षानुवर्षं गावोगाव काव्यवाचन करत फिरले. विंदांचा ओढा मार्क्सकडे, बापट राष्ट्र सेवा दलातले, पाडगावकरांचा पिंड गीताचा. तिघांची कविता शेवटपर्यंत तीन वेगळ्या आवाजांत राहिली. एकमेकांच्या शेजारी इतका काळ बसून कुणी कुणाचा नकलाकार झाला नाही. ज्या संगतीत माणसं दिवसेंदिवस एकसारखी बोलू लागतात, एकाच माणसाच्या सवयीने हसू लागतात, ती संगत कितीही उदात्त नावाने जमलेली असली तरी तिच्याविषयी सावध राहावं.

निवडीची चर्चा करताना, ज्यांना निवडच नव्हती त्यांचा विचार सोडून देता येत नाही. चाकरमानी मुंबईला गेल्यावर मागे राहिलेल्या बाईची संगत सासरने ठरवली. नळावर, शेतात, चुलीपाशी जी भेटली ती. संत बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत स्वतःची हकिकत सांगून ठेवली आहे. ब्राह्मण घरातल्या या बाईला तुकोबांची ओढ लागली. आपल्या बायकोने शूद्राला गुरू मानावं हे नवऱ्याला सोसेना. त्याने तिला मारहाण केली. संगत निवडण्याची किंमत तिने अंगावर घेतली. पुढे तो नवराच बदलला आणि ते देहूला गेले, तिथे मंबाजीचा जाच झाला तो वेगळाच. सतराव्या शतकातली ही बाई मला या विषयावरची सर्वांत मोठी साक्षीदार वाटते, कारण तिच्या बाबतीत चांगल्या संगतीचा सोपेपणा पार गळून पडतो. ‘चांगले मित्र निवडा’ असं सहज सांगणाऱ्याने एवढं तरी पाहावं की आपल्या घरातल्या सुनेला, मुलीला, कामाला येणाऱ्या बाईला कुणाशी मैत्री करायची मुभा आपण ठेवली आहे का. स्वतःसाठी सत्संग आणि दुसऱ्यासाठी पहारा, अशी वाटणी करणाऱ्या घरात सत्संग पोचलेला नसतो.

उरला शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. सगळ्यांनी चांगल्यांचीच संगत धरली, तर वाईट मानलेल्यांनी कुणाकडे जायचं? दारू प्यायला लागलेल्या मित्राला टाकून देणं हा सद्गुण, तर त्या मित्राच्या वाट्याला दारू पिणारेच उरणार. हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही, आणि सत्संगाचा पुष्कळ उपदेश इथेच क्रूर होतो. मला एक फरक करावासा वाटतो. कुणासाठी दार उघडं ठेवायचं आणि कुणाच्या मागे चालायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिणाऱ्या मित्राच्या घरी जावं, त्याला दवाखान्यात न्यावं, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी. त्याच्याबरोबर संध्याकाळी तिठ्यावरच्या बारमध्ये बसू नये. हे सांभाळणं सोपं नाही, आणि एकट्याच्याने बहुधा होत नाही. म्हणूनच आपल्याला धरून ठेवणारी दुसरी माणसं लागतात. चांगली संगत हवी ती बिघडलेल्याच्या जवळ जाण्याचं बळ यावं म्हणून. बुद्ध अंगुलिमालाच्या रानात निर्भयपणे चालत गेले. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा आणि सत्कर्माची गोडी वाढावी एवढंच मागितलं. मनुष्य आणि त्याचा वाकडेपणा वेगळा धरता आला तरच हे मागणं शक्य होतं.

वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या कवित्वाला आक्षेप घेतला. शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये असा तो आक्षेप होता, आणि त्यातूनच अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग ओढवला. तुकोबांना या माणसाला कायमचं दूर ठेवायला पुरेसं कारण होतं. परंपरा सांगते की पुढे रामेश्वर भट त्यांच्याकडे आले आणि तुकोबांनी त्यांना जवळ केलं. टाळकऱ्यांच्या मेळ्यात त्या पंडितालाही जागा मिळाली. देहूपासून सिंधुदुर्गापर्यंत भजनाच्या शेवटी तुकोबांची जी आरती म्हणतात, ती याच रामेश्वर भटांच्या नावावर आहे.